कुंदी, बलुतं आणि कोळशाची इस्त्री

माळ्यावर चढा आणि जुन्या पोत्यांखाली जरा बघा. कोळशाची इस्त्री सापडली, तर भंगारवाल्याला लगेच देऊ नका. तो वजन बघून पैसे देईल, पण त्या लोखंडात आपला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. आज तोच ऐकूया. शेवटी ती पुन्हा चालू कशी करायची तेही सांगतो.

सुरुवात शब्दापासून. 'इस्त्री' आली पोर्तुगीज 'एस्तिरार'वरून, म्हणजे ताणणं. साबण, चावी, पगार हेही तिकडूनच आले. म्हणजे रंकाळ्याजवळच्या आपल्या 'धुण्याच्या चावी'तली चावीसुद्धा मूळची पोर्तुगीजच की ओ!

मग त्याआधी कपडे चुरगळलेलेच घालायचे? छे. तेव्हा 'कुंदी' करायचे. खळ लावलेल्या कापडाची घडी घालून ती लाकडी मोगरीनं बडवायची, की कापड सपाट आणि चकचकीत व्हायचं. 'त्याची चांगलीच कुंदी काढली' असं आपण म्हणतो ना, ते इथूनच आलं.

कपडे धुणारा परीट हा गावच्या बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर धुणं धुवायचं आणि सुगीला धान्य मिळायचं, तेच बलुतं. किती मिळेल ते पीकपाण्यावर आणि देणाऱ्याच्या मर्जीवर. शहरात कचेऱ्या, शाळा, कोर्टं आली. कोट आला, कॉलर आली, घडी आली. तिथं हिशोब नगावर आणि रोख. परटासाठी इस्त्री म्हणजे स्वतःच्या मालकीचं भांडवल झालं.

याच कोल्हापुरात २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी जाहीरनामा काढला: संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना. म्हणजे दुसऱ्यांचे कपडे कडक करणाऱ्याच्या पोरालाही कडक कपडे घालून कचेरीत बसायची वाट दिसू लागली. ही गोष्ट लहान नाही.

विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीलीनं १८८२ मध्येच घेतलं होतं. पण घरात वीजच नसेल तर ती काय कामाची? म्हणून आपल्याकडे निखारे पुढं कित्येक दशकं टिकले.

आता दुरुस्ती. काम सोपं आहे, घाई करू नका.

आधी राख झाडा आणि बाजूची भोकं मोकळी करा. तिथून हवा गेली नाही तर निखारे विझतात. तळाचा गंज बारीक पॉलिशपेपरनं एकाच दिशेनं घासा. तळ पितळी असेल तर चिंच लावा. चिंचेतलं आम्ल काळा थर सोडवतं.

झाकणाच्या बिजागरीत शिलाई मशीनचं तेल घालू नका. निखाऱ्यांच्या धगीनं ते जळतं, धूर होतो आणि चिकट काजळी बसते. त्यापेक्षा पेन्सिलच्या शिशाची पूड भरा. त्यातलं ग्रॅफाइट कोरडं राहून बिजागरी सैल ठेवतं. लाकडी मुठीला जवसाचं तेल चोळा आणि पूर्ण वाळू द्या.

तळाचं वंगण म्हणजे मेण. इस्त्री कोमट झाली की मेणबत्तीचा तुकडा जुन्या सुती फडक्यात गुंडाळून त्यावर फिरवा, मग कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. लोण्यासारखी सरकते की नाही बघा!

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. तापलेल्या ओतीव लोखंडावर पाणी टाकायचं नाही, ते तडकतं. आणि बंद खोलीत निखारे पेटवायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस जागेवर गार होऊ शकतो. अंगण किंवा गच्ची बरी.

आज बऱ्याच इस्त्रीवाल्यांकडं कोळशाऐवजी गॅसची इस्त्री दिसते. धूर गेला, राख गेली, चांगलंच झालं. पण पाच-सहा किलोचं वजन दिवसभर ओढलेल्या मनगटांची आठवण त्या जुन्या मुठीत आहे. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, ही कुणी वापरली, कुठून आणली. आणि ते बोलायला लागले की फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

भेटू पुढच्या भागात!