इजा, गुन्हेगारी आणि नुकसानभरपाई

घोडनदीच्या तीरावरचे शिरूर आणि भीमेच्या तीरावरचे दौंड ही दोन्ही गावे वाटसरूंच्या राबत्यावर वाढली. शिरूरास इंग्रजांची छावणी होती, आणि १८१७ सालच्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टाँटन आपली पलटण घेऊन कोरेगावच्या बाजूस निघाला तो तेथूनच. दौंडावरून १८५८ साली पुणे-दिक्सळ लोहमार्ग गेला व १८७८ साली मनमाडचा फाटा फुटून ते जंक्शन झाले. आज एकाच्या तालुक्यातून पुणे-नगर व दुसऱ्याच्या तालुक्यातून पुणे-सोलापूर हे हमरस्ते जातात, न्हावरे-चौफुला रस्ता दोन्ही तालुक्यांना जोडतो, आणि गाळपाच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर व डंपर यांची रीघ रात्रभर तुटत नाही. अशा मुलखात दारू पिऊन वाहन हाकणाऱ्याने एखाद्यास इजा केली, तर तिची भरपाई कोणी व कोणत्या नात्याने द्यावी, हा प्रश्न मोटारीहून जुना आहे.

मराठेशाहीत लष्कराच्या वाटेवरील पिकांची नासाडी झाली म्हणजे रयतेस पायमल्लीबद्दल सूट मिळे, आणि चाकरीत कामास आलेल्याच्या मुलाबाळांस बालपरवेशी म्हणून नेमणूक करून दिली जाई. हानीचे मोल धन्याने द्यावे ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हती, मात्र ते मोल हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून पदरात पडे. गुन्ह्याची वाट वेगळी होती: अपराध्याकडून घेतलेला दंड ‘गुन्हेगारी’ या सदराखाली सरकारात जमा होई. पिणाऱ्याचा अपराध सरकारचा आणि मोडलेला पाय ज्याचा त्याचा, ही फारकत पुढे राज्य बदलले तरी मिटली नाही. जखमी माणसाची सारी परवड मला तिच्यातच दिसते.

इंग्रजी अमलात १८५५ च्या तेराव्या कायद्याने अपघातात मेलेल्याच्या वारसांस दाव्याचा हक्क दिला. जो जगला, त्याला मात्र दिवाणी न्यायालयात मुद्रांकाचा खर्च सोसून फिर्याद लावावी लागे. १८६० च्या दंडसंहितेने बेदरकारपणे वाहन हाकणे व त्यापायी दुखापत करणे यांस शिक्षा सांगितली, आणि १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने वसूल झालेल्या दंडातून काही रक्कम पीडितास देण्याची मुभा न्यायाधीशास दिली. पण मुभा ती मुभाच. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा पुढच्या वर्षीच्या जुलैत अमलात आला, तेव्हा दौंडच्या रेल्वे यार्डात काम करताना अंगठा गमावणाऱ्या कामगाराची किती टक्के कमाई बुडाली हे परिशिष्टात बोट ठेवून सांगता येऊ लागले, आणि त्याच गावच्या रस्त्यावर मोटारीखाली सापडलेल्या शेतकऱ्यास मात्र तसे कोणतेच कोष्टक नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने सरकारचे सारे लक्ष पिणाऱ्याकडे वेधले. १९५१ च्या मे महिन्यात मुंबईत पेसिकाका नावाच्या प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याच्या जीपने तिघांना धडक दिली. त्यातून उद्भवलेला पेसिकाका खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपण अल्कोहोल असलेले औषध घेतले होते, हा पेसिकाकांचा बचाव होता, आणि १९५४ साली न्यायालयाने त्यांना दारूबंदीच्या आरोपातून मुक्त करताना पुराव्याचा भार सरकारवरच असल्याचे सांगितले. निकाल घटनेच्या अभ्यासकांस आजही मोलाचा वाटतो; मी मात्र तो वाचताना त्या तीन जखमींना शोधत राहतो, कारण पोटात गेले ते औषध की मद्य या चर्चेत त्यांची हाडे कशी सांधली, खर्च कोणी केला, यास जागाच उरली नाही.

१९५९ साली रक्ततपासणीचे नियम आले. सरकारी दवाखान्यात शिरेतून पाच घनसेंटीमीटर रक्त काढावयाचे, ते काढताना सुईला वा कातडीला स्पिरिटचा स्पर्शही होऊ द्यावयाचा नाही, कुपीवर मोहोर लावावयाची आणि सात दिवसांच्या आत ती रासायनिक विश्लेषकाकडे पोहोचवावयाची. एवढ्याशा त्या कुपीवर पुढे दोन खटले तोलले जातात. दारूबंदी कायद्यात ०.०५ टक्क्याच्या प्रमाणावर प्याल्याचे अनुमान होते. आजच्या मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे.

जखमीच्या बाजूचा कायदा दुसऱ्याच वाटेने आला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीचा विमा १ जुलै १९४६ पासून लागू झाला, आणि १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद केली. दाव्यास मुदत प्रथम साठ दिवसांची होती, १९६९ साली ती सहा महिने झाली, १९९४ साली अजिबात उठली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांचे बंधन परत आले. शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया होत असताना सहा महिने कसे सरतात ते ज्याच्या मांडीत रॉड घातला आहे त्यालाच कळते. हे बंधन परत आणणे मला अन्यायाचे वाटते.

भरपाईचा हिशेब मात्र आता बराच ठरीव झाला आहे. बत्तीस वर्षांचा, महिना १२,००० रुपये मिळवणारा मजूर अपघाताने ४० टक्के कमाईस मुकला असे धरा: वर्षाचे १,४४,०००, त्यावर भावी वाढीचे ४० टक्के धरून २,०१,६००, या वयास गुणक १६, म्हणजे ३२,२५,६००, आणि त्याचे ४० टक्के १२,९०,२४०, औषधोपचार व वेदना यांची रक्कम निराळी. चालक प्यालेला होता हे विमा कंपनी आता बचाव म्हणून पुढे करू शकते. जखमीची बाजू मांडणारा वकील अशा वेळी कंपनीने आधी पैसे द्यावेत व मग मालकाकडून वसूल करावेत अशी मागणी करतो. ज्या दारूमुळे पाय गेला, तीच दारू पायाच्या किमतीआड यावी, हे कोणाही समंजस माणसास पटणारे नाही.

२०२४ च्या डिसेंबरात याच नगर रस्त्यावर, शिरूरच्या अलीकडे वाघोलीजवळ केसनंद फाट्यावर, मध्यरात्रीनंतर एक डंपर पदपथावर निजलेल्या मजुरांच्या अंगावर गेला. तिघे दगावले, त्यांत दोन तान्ही मुले होती, आणि चालक मद्याच्या अमलाखाली असल्याचे पोलिसांनी सांगितले. ती माणसे अमरावतीकडून कामासाठी आलेली होती. अशांच्या बाबतीत ‘मिटवून टाका’ म्हणणारे मध्यस्थ लवकर गोळा होतात, थोडीबहुत रोकड पुढे येते, कोऱ्या मुद्रांकावर अंगठा उमटतो आणि कुटुंब गावी परतते.

कायद्याप्रमाणे दावा जखमीच्या राहत्या जिल्ह्यातही लावता येतो. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत व तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा आहे, आणि त्याच्या प्रती जखमीसही मिळावयाच्या आहेत. शिरूर-दौंडकडे ऊसतोडीस आलेली बीडची बाई चैत्रात कुबडी घेऊन गावी निघेल, तेव्हा तो कागद तिच्या गाठोड्यात असावयास हवा.