ऑरेगॉन प्राधान्ययादी

गरिबांसाठी असलेल्या सरकारी निधीतून कोणत्या वैद्यकीय सेवांचा खर्च उचलावा आणि कोणत्यांचा उचलू नये, हे ठरविण्यासाठी अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याने १९८९ च्या कायद्यानुसार तयार केलेल्या क्रमवार यादीला ऑरेगॉन प्राधान्ययादी म्हणतात.

केंद्र व राज्य यांच्या एकत्रित पैशातून गरिबांसाठी चालणाऱ्या मेडिकेड योजनेतून बहुतेक अवयवरोपणांचा खर्च देणे राज्याच्या विधिमंडळाने १९८७ मध्ये बंद केले, आणि त्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेला सात वर्षांचा एक मुलगा अस्थिमज्जारोपणासाठी वर्गणी जमत असतानाच दगावला. या निर्णयावर संतापाची लाट उसळली. पण त्याआधीची रूढ पद्धतही कमी निर्दय नव्हती, कारण पैसा अपुरा पडला की उत्पन्नाची अट कडक करून माणसांनाच योजनेबाहेर काढले जाई आणि त्याची वाच्यता क्वचितच होई. आपत्कालीन विभागात काम केलेले डॉक्टर आणि राज्याच्या सिनेटचे तत्कालीन अध्यक्ष जॉन किट्झहेबर यांनी दारिद्र्यरेषेखालील प्रत्येकाला योजनेत घ्यावे आणि काटछाट करायची ती सेवांमध्ये, लोकांदेखत करावी, असा आग्रह धरला.

त्यासाठी नेमलेल्या ११ सदस्यांच्या आयोगाने लोकांच्या सभा घेतल्या, आजार व त्यावरील उपचार यांच्या जोड्या करून त्यांचा क्रम लावला आणि विमागणितज्ज्ञांकडून त्यांचा खर्च काढून घेतला; पैसा जेथवर पुरेल तेथे यादीवर रेघ ओढण्याचा अधिकार विधिमंडळाला होता, क्रम बदलण्याचा नव्हता. १९९० चा पहिला मसुदा मुख्यतः खर्च आणि त्यातून मिळणारे आरोग्य यांच्या गुणोत्तरावर बेतलेला होता. त्यात दातावर टोपी बसविणे हे गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भावरील शस्त्रक्रियेच्या वर गेले, कारण एका शस्त्रक्रियेच्या खर्चात पुष्कळ दात दुरुस्त होत आणि प्रत्येकाचा किरकोळ लाभ बेरजेत भारी ठरे. ती शस्त्रक्रिया झाली नाही तर बाईचा जीव जाऊ शकतो, ही गोष्ट अशा बेरजेत बुडून जाते, आणि केवळ हिशेबावर विसंबण्यातला खरा धोका हाच आहे. आयोगाने मसुदा बाजूला ठेवून सेवांचे १७ गट पाडले, जीवघेण्या पण पूर्ण बऱ्या होणाऱ्या आजारांना अग्रस्थान दिले आणि काही जोड्या स्वतःच्या विवेकाने वरखाली केल्या. अशा ७०९ जोड्यांपैकी ५८७ पर्यंतचा खर्च उचलण्याचे १९९१ मध्ये ठरले.

जीवनमानाच्या मोजणीत अपंगांच्या आयुष्याला कमी लेखले जाते, या कारणावरून केंद्र सरकारने १९९२ मध्ये ही योजना नाकारली. सुधारणा केल्यावर १९९३ मध्ये मंजुरी मिळाली आणि फेब्रुवारी १९९४ पासून ती अमलात आली. तिच्यावरचा सर्वांत सबळ आक्षेप मात्र कायम राहिला, तो असा की सेवा तोलल्या गेल्या त्या फक्त गरिबांच्या. शिवाय रेघ वर सरकवायला केंद्राची परवानगी लागत असल्याने, पुढे राज्याची मिळकत घटली तेव्हा बचत अन्यत्र शोधावी लागली : २००३ मध्ये काही लाभार्थ्यांवरील हप्त्यांचे नियम कडक झाल्यावर हजारो लोक बाहेर पडले, आणि २००८ मध्ये मोजक्या रिकाम्या जागांसाठी सोडत काढून कोणाला घ्यायचे हे ठरविण्यात आले.