कोची बंदरांतील नऊ तास

शिक्षक या नात्यानें मीं छत्तीस वर्षें मुलांना प्रश्न विचारले. आज एका मुलानें मला विचारलेल्या प्रश्नाविषयीं बोलावयाचें आहे. सातवीच्या वर्गांत पोर्तुगीज राजवटीचा धडा चालला होता. १५१० सालीं आल्बुकर्कनें गोवा घेतला, पुढें देवळें पाडलीं गेलीं, पुष्कळ कुटुंबें घरदार सोडून निघून गेलीं, असें मीं सांगितलें. तेव्हां शेवटच्या बांकावरील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, तीं कोठें गेलीं?" मीं म्हटलें, "दक्षिणेस," आणि पुढचा धडा काढला. उत्तर चुकीचें नव्हतें. पण ज्याला स्वतःलाच फारसें ठाऊक नाहीं, अशा माणसाचें तें उत्तर होतें. त्या प्रश्नाचें अधिक चांगलें उत्तर मला निवृत्तीनंतर मिळालें, आणि तेंहि एका सहलीच्या जहाजावरून उतरल्यावर.

आमच्या चिरंजीवांनीं मुंबईहून निघणाऱ्या अशा जहाजाचीं दोन तिकिटें आम्हां उभयतांस घेऊन दिलीं. मी मालवणकडचा. लहानपणीं कोंकणच्या बोटीनें डेकवर पथारी पसरून मुंबईस गेलेला माणूस. हें नवें जहाज म्हणजे तरंगतें हॉटेलच. समुद्र दिसावा म्हणून मुद्दाम वर जावें लागे. एक अख्खा दिवस पाण्यावर काढून तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही कोचीस लागलों. आठ वाजतां उतरावें व पांच वाजण्यापूर्वीं परत यावें, असें छापलेलें एक कार्ड प्रत्येकाच्या हातीं देण्यांत आलें. तें मीं खिशांत जपून ठेविलें.

ज्या धक्क्यावर आम्ही उतरलों तो विलिंग्डन बेटाचा. या बेटाचा मोठा भाग शंभर वर्षांपूर्वीं पाण्याखालीं होता. बंदराच्या तोंडाशीं वाळूचा दांडा असे. मोठीं जहाजें बाहेर समुद्रांत नांगरत आणि माल लहान होड्यांतून आंत येई. १९२० सालीं रॉबर्ट ब्रिस्टो नांवाचा इंग्रज इंजिनिअर येथें आला. त्यानें दांडा कापून खोल मार्ग काढला; १९२८ सालीं 'पद्मा' ही आगबोट त्या मार्गानें आंत आली; आणि उपसलेल्या गाळाची भर घालून हें बेट उभें राहिलें. परंतु बंदर मुळांत घडविलें तें नदीनें. रोमन काळीं ज्या मुझिरिस बंदरांत मिरीच्या मोबदल्यांत सोनें उतरत असे, तें येथून उत्तरेस कोडुंगल्लूरच्या परिसरांत, पेरियार नदीच्या मुखाशीं होतें. १३४१ सालीं पेरियारला महापूर आला; जुनें मुख गाळानें बुजलें आणि कोचीजवळ समुद्राचें दार उघडलें, असें इतिहासकार मानतात. एका गांवाचें नशीब मिटलें, दुसऱ्याचें उघडलें.

रिक्षानें पूल ओलांडून आम्ही प्रथम फोर्ट कोचीस गेलों. तेथें सेंट फ्रान्सिसचें चर्च आहे. वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतला आला, हें वाक्य मीं किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल त्याची गणती नाहीं. तोच गामा तिसऱ्या खेपेस, राजप्रतिनिधि म्हणून, १५२४ सालीं आला आणि त्याच वर्षीं नाताळच्या आदल्या दिवशीं कोचींत वारला. त्याला या चर्चमध्यें पुरलें. कठड्याआड त्याचा दगड आहे. थडगें मात्र रिकामें आहे. १५३९ सालीं त्याच्या अस्थि पोर्तुगालास नेण्यांत आल्या. पोर्तुगीजांचें हें कॅथलिक मंदिर १६६३ सालीं डचांनीं शहर जिंकल्यावर प्रॉटेस्टंट झालें, आणि १७९५ सालीं इंग्रज आल्यावर पुढें अँग्लिकन पंथाकडे गेलें. दोन्ही भिंतींत पोर्तुगीज व डच लोकांच्या थडग्यांचे दगड बसविलेले आहेत. रिकाम्या थडग्यापुढें छायाचित्रें काढणाऱ्यांची रांग होती. मीहि त्या रांगेंत उभा राहिलों. खोटें कशाला सांगूं!

जवळच समुद्रकांठीं मासे धरण्याचीं प्रचंड चिनी जाळीं आहेत. लांब वाशांच्या सांगाड्याला जाळें टांगलेलें, मागल्या बाजूस दोरांना मोठमोठे धोंडे बांधलेले. चार-सहा माणसें दोर सैल करून जाळें पाण्यांत सोडतात आणि थोड्याच वेळांत धोंड्यांच्या भारानें तें वर ओढून घेतात. तेवढ्या अवधींत जें सांपडेल तें सांपडेल. कार्ड खिशांत घेऊन हिंडणाऱ्या आमच्यासारख्या प्रवाशांची गत याहून निराळी नव्हती.

दुपारीं मट्टनचेरीस आलों. येथें राजवाडा आहे. तो १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनीं कोचीच्या राजाला बांधून दिला आणि डचांनीं दुरुस्त केला, म्हणून त्याला आज डच वाडा म्हणतात. आंत भिंतींवर रामायणाचीं चित्रें आहेत. वाड्याच्या शेजारींच, राजानें दिलेल्या जागेवर, १५६८ सालीं बांधलेलें ज्यूंचें प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत; त्या हातानें रंगविलेल्या असल्यामुळें एकीसारखी दुसरी नाहीं. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर येथील बहुतेक ज्यू कुटुंबें हळूहळू तिकडे गेलीं.

उन्हानें थकून आम्ही जवळच्या चेरलाई भागांत आलों. आमच्या कुटुंबाचें लक्ष एका दुकानापुढें वाळत घातलेल्या पापडांकडे गेलें. दुकानांत एक वृद्ध बाई बसल्या होत्या. आमची हिनें हिंदींत भाव विचारला. तिचा घामेजलेला चेहरा पाहून बाई आंत वळल्या आणि कोणाला तरी म्हणाल्या, "उदाक हाड."

आम्ही दोघेंहि चमकलों. मालवणी माणसाला हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहींत. मीं आमच्या बोलींत उत्तर दिलें, बाईंनीं मान वर करून विचारलें, "खंयचे तुमी?" मग बोलणें झालें. त्यांच्या कोंकणींत मल्याळमचे शब्द मिसळलेले, माझ्या मालवणींत मराठी शाळेचे. तरी गाडी अडली नाहीं. त्यांचा जन्म येथला, त्यांच्या पणज्याचाहि येथलाच. परंतु मूळ कोठलें म्हणून विचारतांच क्षणाचाहि विचार न करतां त्या म्हणाल्या, "आमचो देव मंगेश."

श्रोतेहो, हा मंगेश मूळचा कुठ्ठाळचा, म्हणजे साष्टी प्रांतांतला. १५६० सालीं भक्तांनीं लिंग रातोरात झुआरी नदीपलीकडे प्रियोळास हलविलें; तो मुलूख तेव्हां पोर्तुगीजांच्या हातीं नव्हता. त्याच सालीं गोव्यांत धर्मन्यायालय सुरू झालें, आणि मधला थोडा काळ सोडल्यास तें १८१२ पर्यंत चाललें. देव नदी ओलांडून पूर्वेस गेले आणि माणसें किनाऱ्यानें दक्षिणेस गेलीं.

येथें कोणी विचारील कीं, पोर्तुगीजांच्या भीतीनें निघालेले लोक पोर्तुगीजांच्याच बंदरांत कसे आले? त्याचें उत्तर गांवाच्या रचनेंत आहे. समुद्राकडील कोट पोर्तुगीजांचा होता. पण आंतील मट्टनचेरी राजाची. राजाला मिरीच्या व्यापारासाठीं व्यापारी हवे होते, आणि व्यापाऱ्यांना देवघरांत निर्भयपणें दिवा लावावयाचा होता. कोंकणी समाजाचें तिरुमल देवस्थान चेरलाईत सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभें राहिलें.

या वस्तीची एक साक्ष छापील आहे. डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन रीड यानें मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें प्रसिद्ध झाला. या कामीं इट्टि अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अपूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण त्याला साहाय्यक होते. त्या तिघांचें कोंकणी भाषेंतील, देवनागरी लिपींतील प्रमाणपत्र पहिल्या खंडांत छापलें आहे. त्यावरील तारीख २० एप्रिल १६७५ अशी आहे. ही तारीख वाचून मी थांबलों. कारण त्याच महिन्यांत शिवछत्रपतींच्या सैन्याचा फोंड्याच्या किल्ल्यास वेढा चालू होता, आणि फोंडा महालांतच मंगेशाचें व शांतादुर्गेचें नवें ठाणें होतें. एकीकडे देवांच्या दाराशीं तोफा वाजत होत्या. दुसरीकडे त्याच देवांचे परागंदा भक्त झाडपाल्याचे गुण लिहून देत होते. दोन्ही गोष्टी एकाच इतिहासांतल्या. परंतु मीं वर्गांत पहिलीच तेवढी शिकविली.

आश्रयाची ही कथा निव्वळ गोड नाहीं. १७९१ सालीं कोचीच्याच एका राजानें कोंकणी व्यापाऱ्यांवर शस्त्र धरलें. कित्येक मारले गेले, आणि समाजाला देवाची मूर्ति घेऊन शेजारच्या त्रावणकोर राज्यांत पळावें लागलें. पुढील शतकांत ती मूर्ति परत आली. म्हणजे जे एकदां निघाले त्यांना पुन्हां निघावें लागलें. तरी ते परतले, तेहि गोव्यास नव्हे, चेरलाईस. घर कशाला म्हणावें, हा प्रश्न त्यांनीं त्या दिवशीं आपल्यापुरता सोडविला होता असें मला वाटतें.

चार वाजून गेले होते. बाईंनीं पापडांच्या पुड्याबरोबर आणखी एक पुडा बांधून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहींत. मीं खिशांतलें कार्ड पाहिलें. त्यावर परत येण्याची वेळ स्पष्ट छापलेली होती. त्यांच्या पूर्वजांना असें कार्ड कोणीं दिलें नव्हतें. पांचाच्या आंत आम्ही बोटीवर चढलों.

माझा तो विद्यार्थी आतां चाळिशी ओलांडलेला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्यानें उत्तर दुरुस्त करून घ्यावें. बाळ, त्यांतलीं कांहीं कुटुंबें कोचीस गेलीं. तीं चेरलाईत राहतात, पापड लाटतात, आणि दारीं आलेल्या दमल्या माणसाला पाणी देतांना अजून 'उदाक'च म्हणतात.