रक्तातले ठिपके



आज मी एका शब्दाविषयी बोलणार आहे. शब्द लॅटिन कुळातला आहे आणि मी लॅटिन शिकलेलो नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. तेव्हा पंडितांनी चूकभूल पदरात घ्यावी.

शब्द आहे 'पंक्टेट'. तो मला 1994 साली एका डॉक्टरी दाखल्यावर भेटला. वीस वर्षे एका छापखान्यात खिळे जुळवणारे आमचे एक सभासद पोटातल्या कळांनी हैराण झाले होते. उजवे मनगट उचलेना. खिळे म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्रधातू, आणि त्यात मोठा वाटा शिशाचा. म्हणून आम्ही भरपाई मागितली. मालकाच्या डॉक्टरांनी रक्त तपासून एक ओळ लिहिली : पंक्टेट पेशी आढळल्या नाहीत. प्रकरण मिटले, असे आम्हांला सांगण्यात आले. एका शब्दाने माणसाचे प्रकरण मिटते तरी कसे, हे पाहायला मी कोश उघडला.

लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे आणि 'पुंक्टुम' म्हणजे टोचल्याची खूण. ह्या घराण्यातली माणसे आपल्या ओळखीची आहेत. सायकलचे पंक्चर त्यातलेच, वेळेवर येणारा पंक्च्युअल गृहस्थही त्यातलाच. जुळाऱ्याचा बारा पॉइंटचा टाइप त्यातलाच. मोडीत विरामचिन्हे नव्हती. मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुजवली. त्या चिन्हांचे इंग्रजी नाव 'पंक्च्युएशन', तेही ह्याच घरचे. म्हणजे आमचा जुळारी दिवसभर शिशाचे पूर्णविराम बोटांनी उचलत होता.

आपण 'पंक्टेट'ला ठिपकेदार म्हणतो, पण ठिपका वरून देतात, रांगोळीत देतात तसा. पुंक्टुम आत टोचलेला असतो. शास्त्रज्ञांनी मात्र दोन्ही अर्थ एकाच शब्दात घातले. लिनियसने 1758 मध्ये पाठीवर सात ठिपके असलेल्या किड्याला 'सेप्टेमपंक्टाटा' म्हटले. तो ठिपका वरचा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिंबाच्या पानाला पंक्टेट म्हणतात. पान उजेडाकडे धरा, सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. तो ठिपका आतला.

रक्तातला ठिपका दिसायला रंग लागला. डांबरापासून काढलेले जे कृत्रिम रंग जर्मनीतल्या कारखान्यांत कापडासाठी तयार होत, त्याच जातीच्या रंगांनी पाउल एर्लिख पेशी रंगवू लागले. आम्ही गिरणगावची माणसे, रंगखात्याची ही उपशाखा आम्हांला कोणी सांगितली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन डॉक्टरांना शिशाने आजारलेल्या माणसांच्या तांबड्या पेशींत निळे बारीक ठिपके दिसले. पेशी मोठी होताना आतला जो माल मोडून जायला हवा, तो शिशामुळे मोडत नाही, गोळा होऊन राहतो. तोच हा ठिपका.

रोग काही नवा नव्हता. 1700 साली इटलीत रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरांनी रोग्याला 'तुझा धंदा कोणता?' हे विचारावे असे बजावले. हा प्रश्न फीवाचूनचा आहे, म्हणूनच बहुधा विचारला जात नाही. अमेरिकेत अॅलिस हॅमिल्टन शिशाच्या कारखान्यांतून आणि कामगारांच्या घरांतून फिरल्या, आणि 1917 मध्ये छापखान्यांवरचा त्यांचा अहवाल निघाला. आपल्याकडे 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात शिशाची बाधा धंद्याचा रोग म्हणून नोंदली गेली.

साक्षीदार असा मिळाला, पण तो पक्का नव्हता. शिशाची बाधा झालेल्या प्रत्येकाच्या रक्तात ठिपके दिसतातच असे नाही. उलट थॅलॅसीमियातही ते दिसतात. म्हणजे ठिपके नसले तर 'शिसे नाही' आणि असले तर 'हा जन्मजात दोष', दोन्हीकडून मालकाचीच सोय! काचेवर जितके बघावे तितके दिसते, आणि बघणाऱ्याचा पगार कोण देतो हेही बघावे लागते.

आम्ही वर्गणी काढून मुंबईत रक्तातले शिसेच मोजून घेतले. आकडा मोठा निघाला. भरपाई तडजोडीत अर्धी मिळाली. मनगट काही पूर्वीसारखे झाले नाही; ते गृहस्थ पुढे डाव्या हाताने सही करीत.

तो छापखाना ऑफसेटवर गेला आणि खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. मी विचारत विचारत त्या मालाच्या मागे गेलो. गावाबाहेर जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या एका भट्टीत तो पोचला होता. चार मुले उघड्या हातांनी मळी काढत होती आणि तिथेच बसून भाकरी खात होती. रक्त कधी तपासले का, असे मी विचारले. त्यातला थोरला म्हणाला, "कशाला, काका? आम्हांला कुठं काय झालंय?"