यकृताकडे जाणारी वाट

औषध सापडणे वेगळे आणि ते शरीरात हव्या त्या जागी पोहोचणे वेगळे. ‘मिल्क थिसल’ या काटेरी झाडाचा इतिहास वाचताना मला हे प्रकर्षाने जाणवते. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने त्याचा रस मधातून पित्तावर सांगितला होता. त्याच्या बियांतले सिलिमारिन हे फ्लेव्होनॉइड गटातले द्रव्य मात्र १९६८मध्ये म्युनिकला हिल्डेबर्ट वाग्नर आणि सहकाऱ्यांनी वेगळे केले.

अडचण पुढेच होती. सिलिमारिन पाण्यात जेमतेम विरघळते, त्यामुळे गिळलेल्यापैकी थोडेच रक्तात उतरते. म्हणून विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना युरोपातले डॉक्टर त्यातल्या मुख्य घटकाचे विरघळणारे रूप शिरेतून देऊ लागले.

दुसरी वाट इंग्लंडमधून निघाली. १९६५मध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी स्निग्ध रेणूंच्या अतिसूक्ष्म पिशव्यांचे वर्णन केले. अशाच नॅनोकणांत आता सिलिमारिन भरून पाहतात. शिरेतून दिलेले कण यकृतातल्या भक्षक पेशी चटकन उचलतात. इतर औषधांना ही डोकेदुखी, इथे मात्र तीच सोय!

प्राण्यांवरचे निष्कर्ष आशादायक आहेत. माणसांतला भक्कम पुरावा अजून हवा. तोवर कावीळ झाल्यास ‘लिव्हर टॉनिक’वर विसंबून डॉक्टरांकडे जाणे लांबवू नका, एवढेच माझे सांगणे.