पडलेल्या देवळाचा धनी कोण?

भूकंपानें एखाद्याचें घर पडलें तर तें कोणाचें, हा प्रश्न उद्भवत नाहीं. ज्याचें घर त्याचेंच दुःख. परंतु गांवाचें देऊळ पडलें, चवाठ्यावरची धर्मशाळा पडली, तर तिचा धनी कोण हें ठरविण्याची पाळी येते. आणि तें ठरल्यावांचून ती कोणाच्या पैशानें व कोणाच्या मतानें उभारावयाची हेंही ठरत नाहीं. ता. २५ एप्रिल २०१५ रोजीं नेपाळवर ओढवलेल्या भूकंपानंतर हा प्रश्न जितक्या स्पष्टपणें पुढें आला, तितका तो क्वचितच कोठें आला असेल. म्हणून त्या इतिहासाचें थोडें अवलोकन करण्याचें आम्ही योजिलें आहे.

तो दिवस शनिवारचा होता. मध्यान्हाच्या किंचित् आधीं गोरखा जिल्ह्यांतील बारपाक गांवाजवळ ७.८ प्रतीचा धक्का बसला. सुमारें नऊ हजार माणसें मृत्यु पावलीं. पांच लक्षांच्या आसपास घरें जमीनदोस्त झालीं. शाळांना सुटी होती, एवढेंच काय तें सुदैव. सरकारी पाहणींत ऐतिहासिक, धार्मिक व सांस्कृतिक महत्त्वाच्या सुमारें २,९०० वास्तूंची हानि नोंदली गेली. आणि त्यांत काठमांडू, पाटण व भक्तपूर या तिन्ही जुन्या राजधान्यांचे दरबारचौकही होते.

लक्षावधि माणसें उघड्यावर पाल ठोकून पावसाळा काढीत असतां देवळांवर सार्वजनिक पैसा कां खर्चावा, असा आक्षेप अशा वेळीं कोणाही विचारी माणसाच्या मनांत येतो, आणि तो गैर नाहीं. घर पडलेल्या कुटुंबास सरकारनें हप्त्याहप्त्यानें तीन लक्ष नेपाळी रुपये देण्याचें ठरविलें होतें. तेवढ्यांत घर पुरें होणें कठीणच. परंतु या आक्षेपास उत्तर देण्यापूर्वीं, भूकंपाच्या आधीं हीं देवळें कोणाच्या पैशानें उभीं होतीं हें पाहिलें पाहिजे.

काठमांडूच्या खोऱ्यांतील नेवार समाजांत ‘गुठी’ नांवाची संस्था फार पुरातन आहे. हा शब्द संस्कृत ‘गोष्ठी’ शब्दाचा वंशज होय; लिच्छवि राजांच्या काळच्या शिलालेखांतही गोष्ठींचे उल्लेख सांपडतात. देऊळ बांधणारा राजा किंवा धनिक त्या देवळास शेतजमीन लावून देई. तिच्या उत्पन्नांतून पूजा चाले, जत्रा भरे, आणि कौलें बदलणें, कुजलेली तुळई काढून नवी घालणें हेंही होई. आपल्याकडील देवस्थान-इनामांशीं याचें साम्य वाचकांच्या ध्यानांत येईलच. या व्यवस्थेचा मोठा गुण हा कीं, ती संकटाची वाट पाहत नसे. दर पिढीस थोडें थोडें काम निघे; त्यामुळें सुतार, गवंडी व शिलाकार यांच्या घराण्यांत ती विद्या जिवंत राही. धरणीकंप ज्या देशाच्या नित्य परिचयाचा, त्या देशांत अशी जिवंत विद्या हाच खरा राखीव निधि होय.

पुढें १९६४ सालच्या कायद्यानें गुठी संस्थान स्थापन झालें आणि राजगुठींच्या जमिनींचा कारभार सरकारच्या हातीं गेला. जमिनी गेल्या, उत्पन्न आटत गेलें, देवळें मात्र राहिलीं. तेव्हां अशा देवळांसाठीं आज सरकार जो पैसा देतें त्याला दान म्हणणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. तें घेतलेल्याची उशिरानें केलेली परतफेड आहे. माणसांच्या घरांचा हक्क पहिला, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ऋण हें ऋणच, आणि दुसऱ्या ऋणाचें निमित्त सांगून तें बुडवितां येत नाहीं.

मात्र पैसा देणारा मालक होतो, ही जगाची रीत आहे; आणि खरी अडचण येथूनच सुरू होते. याआधींचा मोठा भूकंप १५ जानेवारी १९३४ रोजीं झाला. त्या वेळीं राणा घराण्यांतील जुद्ध शमशेर यांची एकतंत्री सत्ता होती. त्यांनीं लोकांस घरांसाठीं कर्जें दिलीं व पुढें तीं माफ केलीं. हें त्यांच्या औदार्याचें म्हणून नमूद केलें पाहिजे. देवळांच्या बाबतींत मात्र कांहीं पुन्हां बांधलीं गेलीं, कांहींना मूळचें रूप लाभलें नाहीं, तर कांहीं केवळ जोत्याच्या रूपानें उरलीं. कोणतें उभारावें आणि कोणतें टाकावें हें एकाच्याच मर्जीवर होतें; विचारणारा कोणी नव्हता.

२०१५ सालीं विचारणारे होते. त्या वर्षीं जून महिन्यांत काठमांडूस भरलेल्या परिषदेंत निरनिराळ्या राष्ट्रांनीं चार अब्ज डॉलरांहून अधिक साहाय्याचीं वचनें दिलीं. हिंदुस्थानच्या साहाय्यांतील पांच कोटि डॉलर सांस्कृतिक वारशासाठीं राखले गेले. डिसेंबरांत राष्ट्रीय पुनर्निर्माण प्राधिकरण स्थापन झालें. परंतु सरकारी पैसा म्हटला कीं टेंडर आलें, आणि टेंडर म्हटलें कीं ज्याचा आंकडा सर्वांत कमी त्याचें काम, हें ओघानेंच आलें. रस्ता किंवा पूल बांधतांना हा नियम लबाडीस आळा घालतो. कोरीव खिडकीच्या कामीं तोच नियम, ज्याला खिडकी कोरतां येत नाहीं त्याला काम मिळवून देतो.

राणीपोखरीची कथा याची साक्ष आहे. पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या राणीच्या सांत्वनासाठीं राजा प्रतापमल्ल यानें सतराव्या शतकांत हा तलाव खोदविला. २०१६ च्या आरंभीं राष्ट्रपतींच्या हस्तें त्याच्या पुनर्निर्माणाचा शुभारंभ झाला. परंतु पुढें तेथें काँक्रीटच्या भिंती चढूं लागल्या आणि तलावाची विहारस्थळासारखी सजावट करण्याचे बेत ऐकूं येऊं लागले. नागरिकांनीं प्रखर विरोध केला; काम थांबलें. अखेर प्राधिकरणानें तें हातीं घेऊन जुन्या पद्धतीनें, वीट आणि काळी माती वापरून, २०२० सालीं पुरें केलें. मधल्या बालगोपालेश्वराच्या देवळास राणा काळांत आलेला घुमट जाऊन मल्ल काळचें शिखर पुन्हां आलें. पैसा दोन्ही वेळां सार्वजनिकच होता. फरक पडला तो विचारणाऱ्यांमुळें.

काष्ठमंडपाची हकीकत याहून बोधप्रद आहे. एकाच वृक्षाच्या लांकडांतून तो घडला अशी दंतकथा असून काठमांडू हें नांव त्यावरूनच पडलें. भूकंपांत तो साफ कोसळला आणि त्याखालीं माणसें दगावलीं. नंतर पुरातत्त्व खात्यानें परदेशी तज्ज्ञांसह उत्खनन केलें, तेव्हां दोन गोष्टी उघड झाल्या. बाराव्या शतकाची समजली जाणारी ही वास्तु कांहीं शतकें अधिक जुनी निघाली, आणि तिचा पाया शाबूत होता. दोष होता तो वरच्या सांध्यांत. चार मुख्य खांबांपैकीं एकाचा बैठकीच्या दगडाशीं संबंधच राहिला नव्हता, आणि ही चूक विसाव्या शतकांतील दुरुस्तीची होती! जुन्या कारागिरांनीं केलेलें टिकलें. नव्यांनीं न समजतां केलेलें नडलें. यानंतर नागरिकांनीं चळवळ उभारली, करार झाले, मोडले, महानगरपालिकेशीं वादही झाले. शेवटीं स्थानिक समितीच्या देखरेखीखालीं २०२२ सालीं काष्ठमंडप लांकूड, वीट व मातीचाच उभा राहिला.

भक्तपूरनें तर पैशालाच नकार दिला. जर्मनीनें तेथील पुनर्निर्माणासाठीं एक कोटि युरो देऊं केले होते; परंतु सल्लागार व मक्तेदार नेमण्याच्या अटी नगरपालिकेस मान्य होईनात, आणि २०१८ सालीं तिनें ती रक्कम नाकारली. प्रवाशांकडून घेतलेल्या प्रवेशशुल्काचा पैसा आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या समित्या यांच्या बळावर तिनें एकेक देऊळ उभारलें. समूळ पडलेलें वत्सलादुर्गेचें शिखरही त्यांत आलें. नकार देण्याचें हें धैर्य त्या गांवांत आलें, कारण नित्याचें उत्पन्न आणि हुन्नरी हात हीं दोन्ही तेथें शिल्लक होतीं.

तथापि यावरून परकी पैसा किंवा नवें साहित्य सर्वथैव त्याज्य, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. त्याच भक्तपूरच्या चौकांतील अष्टकोनी च्यासिलिन मंडप १९३४ सालीं नाहींसा झाला होता. तो जर्मनीच्याच देणगींतून, आंत पोलादी सांगाडा घालून, १९९० च्या सुमारास पुन्हां उभारला गेला. आणि २०१५ च्या धक्क्यांत शेजारचें वत्सलेचें शिखर कोसळलें असतां तो उभा राहिला. तसेंच टेंडर नको म्हणणाऱ्यांनीं हिशेब नको असें म्हणतां कामा नये. ज्या समितीवर गांवाचा विश्वास, तिनें पै-पैचा जाब गांवासमोर दिला पाहिजे. नाहीं तर मक्तेदाराच्या जागीं पुढारी येतो, इतकेंच.

२०१९ च्या जून महिन्यांत आणखी एक घटना घडली. उरल्यासुरल्या गुठीही सरकारी नियंत्रणाखालीं आणूं पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध हजारों माणसें काठमांडूच्या रस्त्यांवर आलीं, आणि सरकारला तें मागें घ्यावें लागलें. भूकंपानंतर अवघीं चार वर्षें झालीं होतीं; कित्येक देवळें अजून टेकूंवर होतीं. तरीही लोकांनीं आधीं राखली ती देवळें राखणारी व्यवस्था. या कृतींत त्या समाजाचें शहाणपण दिसतें असें आम्हांस वाटतें.

भूकंपानंतर मिळणारा निधि एकदांच येतो आणि संपतो. देवळाचें छप्पर दर पावसाळ्यास गळतें. सरकारनें पैसा अवश्य द्यावा, कारण तो त्याचें देणें आहे; परंतु त्यांतील कांहीं भाग तरी कायमच्या देखभालीसाठीं व कारागिरांच्या मुलांच्या शिक्षणासाठीं बाजूस काढावा, आणि वास्तूचें रूप ठरविण्याचा अधिकार तिच्या सावलींत राहणारांकडे ठेवावा. पडलेल्या देवळाचा धनी कोण, याचें उत्तर आमच्या मतें एवढेंच: जो तें पडण्याच्या आधीं त्याचीं कौलें बदलीत होता तो.