यंत्राच्या हातांसाठी आराखडा

छोटासा स्क्रू उचलून छिद्रात बसवणे माणसाला सोपे वाटते. उलटा आला तर बोटे तो फिरवतात, तिरका लागला तर सावरून घेतात. यंत्राला मात्र यातील प्रत्येक कृतीसाठी स्वतंत्र योजना लागते. म्हणूनच स्वयंचलित जुळणीचे यश यंत्रापेक्षा वस्तूच्या आराखड्यावर अधिक अवलंबून असते.

या विचाराला शास्त्रीय बैठक दिली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या जेफ्री बूथरॉइड यांनी. पीटर ड्यूहर्स्ट यांच्यासमवेत केलेल्या या कार्यासाठी दोघांना १९९१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक सुट्या भागाला तीन प्रश्न विचारले जातात. तो इतर भागांच्या तुलनेत हलतो का? तो वेगळ्याच पदार्थाचा असणे अपरिहार्य आहे का? तो सुटा नसेल तर इतर भाग बसवणे किंवा काढणे अशक्य होईल का? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर तो भाग शेजारच्या भागात सामावून घेता येतो. भाग कमी झाला की तो उचलणारे, वळवणारे आणि बसवणारे यंत्रही वाचते.

उरलेल्या भागांसाठीही काही पथ्ये आहेत. भाग शक्यतो सममित असावा. नसल्यास असममिती ठळक असावी. तो दुसऱ्या भागात गुंतू नये. छिद्राची कड उतरती असावी आणि सर्व भाग वरून, एकाच दिशेने बसावेत.

१ मार्च १९८३ रोजी झुरिच येथे सादर झालेले ‘स्वॉच’ घड्याळ हे याचे उत्तम उदाहरण होय. जपानी क्वार्ट्झ घड्याळांपुढे स्विस उद्योग तेव्हा हतबल झाला होता. एल्मार मॉक व जाक म्युलर या अभियंत्यांनी घड्याळाची प्लॅस्टिकची पाठ हीच यंत्रणेची बैठक केली, सारे भाग वरून बसवले आणि काच श्राव्यातीत ध्वनिलहरींनी जोडून टाकली. नेहमीच्या ९०हून अधिक भागांच्या जागी अवघे ५१ भाग उरले. महागड्या मजुरीच्या देशात स्वस्त घड्याळ तयार होऊ लागले.

याची किंमतही होती. बॅटरी बदलता येई. पण आतली यंत्रणा उघडून दुरुस्त करता येत नसे. जुळणी सुकर करणारा आराखडा दुरुस्तीस सोयीचा असेलच असे नाही. म्हणून तिसऱ्या प्रश्नातील ‘काढणे’ हा शब्द आराखडा आखणाऱ्याने विसरता कामा नये.